बॅगा सांभाळायला कुणीतरी हवंच

मित्रांसोबत रोलर कोस्टरला जायचं घाटत असेल आणि तुमच्या पोटात आत्तापासूनच गोळा येत असेल, तर पहिली गोष्ट ही करा : सगळ्यात जास्त उत्साह तुम्हीच दाखवा. ‘चला रे, इमॅजिका करू’ हा मेसेज तुमचाच हवा. कुणी नुसत्या वॉटर पार्कचं नाव काढलं तर ‘ते लहान मुलांचं’ म्हणून त्याला गप्प करा. रात्री साडेअकराला तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरचा व्हिडिओ ग्रूपवर टाका, खाली दोन-तीन आगी आणि एक कवटी. जो गप्प बसतो त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि ‘काय रे, तंतरली का?’ हे त्यालाच विचारलं जातं. आरडाओरडा करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. आपल्याकडे हे सगळ्याच क्षेत्रांत चालतं, इथेच का चालू नये?

मग अभ्यासाला लागा. भित्र्या माणसाइतका दांडगा अभ्यास कुणाचा नसतो. ज्याला बसायचंय तो तिकीट काढतो आणि बसतो. उंची किती, वेग किती याच्याशी त्याला काही कर्तव्य नसतं. तुम्हाला मात्र सगळं तोंडपाठ हवं. खोपोलीजवळचं हे इमॅजिका पार्क २०१३ साली सुरू झालं. नायट्रो बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची. उंची साधारण ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारत. वेग ताशी १०५ किलोमीटर. एक्सप्रेसवेवर ज्या वेगाला चलान घरी येतं त्या वेगासाठी इथे आपण आधीच पैसे भरून ठेवतो. वाटेत पाच वेळा डोकं खाली, पाय वर. आणि त्या पायांखाली फरशी नाही, नुसती हवा.

ही माहिती एकदम ओतू नका. आठवडाभर थेंबाथेंबाने सोडा. वरवर तो उत्साह दिसतो. खरा उद्देश हा की ग्रूपमधलं दुसरं कुणीतरी तुमच्याआधी घाबरावं. घाबरणारा एकटा असला तर तो भित्रा. दोघं झाले की ते ‘वेगळं मत’ होतं. तिघं झाले की बेत अलिबागला वळतो.

नाहीच वळला, तर देव आहेत. पुण्याहून बोरघाट उतरून खोपोलीला आलात की जवळच महडचा वरदविनायक, आणि पार्क ज्या खोपोली-पाली रस्त्यावर आहे त्याच रस्त्याने पुढे गेलं की पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकांतले दोन गणपती एकाच टापूत. ‘इतक्या जवळ आलोय आणि दर्शन न घेता जायचं?’ हे वाक्य गाडीत हळू आवाजात म्हणा. नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही, कारण दोन तासांनी ज्याच्या नावाने हंबरडा फोडायचाय त्याला सकाळी सकाळी कोण दुखावेल? चतुर्थी असेल तर अर्धा दिवस दर्शनाच्या रांगेतच गेला म्हणून समजा. दोन्ही देवळं करा असा आग्रह मात्र धरू नका, संशय येतो.

दर्शन झालं की खोपोलीत रमाकांतचा वडा. इथे मन मोठं करा, बिल तुम्ही द्या. प्रत्येकाला दोन-दोन वडे पोचले पाहिजेत. कारण पार्कात शिरल्याबरोबर तुम्हाला काळजीच्या सुरात म्हणता येतं, ‘भरल्या पोटी लगेच नको रे बसायला.’ तासभर तिथेच मिळतो. त्या तासात राजासॉरसची बोट वगैरे किरकोळ गोष्टी उरकून घ्या. हा राजासॉरस खरोखरचा आपल्याकडचा डायनासोर, त्याची हाडं गुजरातेत सापडली आणि नाव दिलं गेलं २००३ साली, ही माहिती तिथेच उभं राहून सविस्तर सांगा. ऐकत कुणी नसतं, पण वेळ जातो.

आता राइडच्या तोंडाशी लावलेली पाटी. बाकीचे तिच्याकडे बघतही नाहीत, तुम्ही ती हॉटेलातल्या मेनूकार्डासारखी वाचा. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचं दुखणं, पाठीचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण. यांतलं आपल्याला परवडेल ते निवडायचं. हृदयविकार घेऊ नका. बातमी संध्याकाळपर्यंत तुमच्या आईकडे पोचते. रक्तदाब पूर्वी चांगला होता, पण हल्ली ग्रूपमध्ये एकाच्या तरी मनगटावर सगळं मोजणारं घड्याळ असतं आणि तो ‘दाखव, दाखव’ करत मागे लागतो. पाठदुखी म्हणाल तर गेल्या महिन्यात टेकडीवर पळतानाचा फोटो तुम्हीच टाकलेला असतो. मान सगळ्यात उत्तम. मान कालपर्यंत ठीक असते आणि आज धरते, उशी जबाबदार असते, आणि ती दुखत नाही हे कुणाच्या बापाला सिद्ध करता येत नाही. फक्त वडे खाताना ती नीट वळत होती हे कुणाच्या लक्षात राहिलेलं नसावं.

पण हे सगळे उपाय फुटकळ. खरं राजेपद म्हणजे बॅगा सांभाळणं.

नायट्रोवर सुटं काही नेता येत नाही. पायात चप्पल असेल तर तीसुद्धा उडू शकते. त्यामुळे रांगेपाशी पोचल्याबरोबर प्रत्येक जण खिसे चाचपायला लागतो, आणि नेमका तोच तुमचा मुहूर्त. इथे तुमचा एकमेव शत्रू म्हणजे लॉकर. तिकडे कुणाची नजर जायच्या आत म्हणा, ‘लॉकरला कशाला पैसे घालवायचे? मी आहे ना!’ पुढचं काम आपला मराठी स्वभाव करतो. हजारांतलं तिकीट काढून आलेल्या माणसाला लॉकरचे पैसे जिवावर येतात. ग्रूपमधला हिशेबवाला तर तुमच्याकडे अशा नजरेने बघतो की वाटावं, हा आता आपल्या पाया पडणार.

मग सावलीतला बाक बघून बसा. डावीकडे चार सॅक, मांडीवर एक पर्स, टोपीत सगळ्यांचे मोबाइल आणि त्यांतला एक सारखा थरथरतोय, कारण कुणाच्या तरी बायकोला गॅसचा नंबर हवाय. शर्टाला अडकवलेले तीन गॉगल. कुणाचा तरी इन्हेलर. बोटीवर भिजलेले मोजे एका पिशवीत, आणि त्याच पिशवीत कुणीतरी गाडीची किल्ली टाकलीय. येणारा-जाणारा तुमच्याकडे आदराने बघतो, त्याला वाटतं हा टूरचा माणूस असावा. बायका आपली मुलंसुद्धा ठेवून जायला बघतात. वरून दर थोड्या वेळाने किंकाळ्यांची एक लाट येते आणि तुम्ही ग्लुकोजच्या बिस्किटाचा पुडा फोडता. याहून मोठं सुख थीम पार्कात मिळत नाही.

आणखी एक गणित ध्यानात ठेवा. नायट्रोच्या गाडीत एका ओळीत चौघं बसतात. तेव्हा ग्रूप पाच जणांचाच करा. चौघं छान एका ओळीत आणि पाचवा, मोठ्या मनाने मागे सरणारा, तुम्ही. सहा जण घेऊ नका. दोघं उरले की दोघांची जोडी लागते. पाचचा हिशेब गेल्याच आठवड्यात जमवलेला असतो आणि नेमका त्याच सकाळी एकाच्या साहेबाचा फोन येतो, तो गळतो, आणि तुम्ही बरोब्बर चार उरता. चौथ्या सीटवर दैवानेच तुमचं नाव लिहिलं. शिवाय पाच असलात तरी गाडीपाशी उभा राहणारा पोरगा ‘सिंगल कोण? एक जागा आहे’ असं ओरडतो आणि भलत्याच कुटुंबाच्या शेजारी तुम्हाला लटकवायला बघतो. अनोळखी माणसांसमोर ओरडायचं म्हणजे काय, याचा विचार करा आणि त्या हाकेला उत्तर देऊ नका.

काही वेळा मात्र रांगेत उभं राहावंच लागतं. ग्रूपमध्ये एक ट्रेकवाला असतो. त्याने कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघितलेलं असतं आणि तो तुमचा दंड धरून ठेवतो. ‘बॅगा राहू दे, लॉकर मी भरतो’ असं म्हणणारा माणूस मित्र नव्हे, पण त्याबद्दल नंतर बोलू. अशा वेळी रांगेत बोलत राहा. न थांबता बोला. १८८४ साली अमेरिकेत कोनी आयलंडला थॉम्पसन नावाच्या माणसाने पाच सेंटांत जी गाडी चालवली तिथून सुरुवात करा. तिचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, आणि पलीकडच्या टोकाला माणसं खाली उतरायची, गाडी वळवून दिली जायची, मग पुन्हा बसायचं. ‘याला म्हणतात सभ्य रोलर कोस्टर!’ असा शेरा मारा. मग १८९५ ची फ्लिप फ्लॅप ही कोस्टर. तिचा लूप, म्हणजे माणसाला उलटं फिरवणारं कडं, चक्क कंपासने काढल्यासारखा गोल होता, त्यामुळे लूपमध्ये शिरताना असा काही दणका बसायचा की लोक माना धरून उतरायचे. इथे आपल्या मानेवर हात ठेवायला विसरू नका. पुढे १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात पोटात रुंद आणि माथ्याला निमुळता असा थेंबाच्या आकाराचा लूप आला आणि तो दणका गेला, हे सांगितलं नाही तरी चालेल.

रांग सरकत राहते. मग यंत्राकडे वळा. वर चढताना जो कट-कट-कट आवाज येतो तो काही मोडत असल्याचा नाही. गाडी मागे घसरू नये म्हणून खाली दातेरी पट्टीवर खिट्टी पडत जाते, तिचा आहे. माथ्यावर पोचली की साखळी गाडीला सोडते आणि त्यानंतर इंजीन नाही, मोटर नाही, फक्त उंची आणि उतार. चाकं रुळाच्या वर असतात, बाजूला असतात आणि खालूनही असतात, त्यामुळे उलटी झाली तरी गाडी रूळ सोडूच शकत नाही. रेल्वेसारखे टप्पे पाडलेले असतात, एका टप्प्यात एकच गाडी. रोज सकाळी रिकामी पळवून बघतात. हे सगळं तुम्ही इतकं छान समजावता की मागच्या ओळीतल्या कॉलेजच्या पोरीसुद्धा निर्धास्त होतात. सगळी रांग तुमच्यामुळे शांत, आणि तुमचा शर्ट पाठीला चिकटलेला. ज्ञान डोक्यात राहतं आणि भीती पोटात, दोघांची गाठ पडत नाही. माझ्या माहितीतल्या एका इंजिनियरने ब्रेकचं गणित कागदावर सोडवून दाखवलं आणि कागदाची घडी करून निघून गेला.

‘शेवटची सीट घेऊ, तिथे कमी लागतं’ असं कुणी म्हणालं तर आनंदाने मान डोलवा आणि ती जागा त्याला देऊन टाका. पुढची सीट माथ्यावरून हळू ओणवते, मागचीला मात्र आधीच सुटलेले पुढचे डबे खेचून फेकतात. उतारावरचा खरा हिसका मागेच. दंड धरून ठेवणाऱ्या ट्रेकवाल्याची सोय तिथे करायला हरकत नाही.

आता शेवटचं अस्त्र. तुम्ही गाडीपाशी पोचला आहात. फ्लोअरलेस गाडीत माणसं चढताना खाली फरशी असते. सगळ्यांचे हार्नेस खटाखट बसले, तपासले गेले, की मगच ती फरशी खाली जाते. तुमचा जो काही पुरुषार्थ आहे तो या दोन घटनांच्या मधल्या वेळात. इकडून चढायचं, सीटसमोरून ऐटीत चालत जायचं आणि पलीकडे, उतरणाऱ्यांच्या बाजूला, निघून जायचं. चेहऱ्यावर आत्ताच बसून आल्याचा भाव. केस आधीच हाताने विस्कटून ठेवा. तिथे उभ्या असलेल्या पोऱ्याने असे पुष्कळ पाहिलेले असतात, तो मान दुसरीकडे वळवतो. चांगला मुलगा असतो.

नाहीच जमलं आणि हार्नेस छातीवर बसला, तर माझ्याकडे सल्ला नाही. लोक म्हणतात डोळे उघडे ठेवावेत. लोक काहीही म्हणतात. तिथलीच दुसरी कोस्टर ‘डीप स्पेस’ त्या मानाने सोयीची, ती अंधारात आहे, डोळे मिटलेले कुणाला दिसत नाहीत.

राइडवर काढलेले फोटो बाहेर पडद्यावर झळकतात, तिथे मात्र सगळ्यांच्या आधी जाऊन उभे राहा. ट्रेकवाल्याचं तोंड कसं वासलंय, हिशेबवाला कुणाचा हात धरून बसलाय, हे बोट ठेवून दाखवा. फोटोत नसलेल्या माणसालाच फोटोवर हसायचा पूर्ण अधिकार असतो. प्रिंट विकत घ्यायची नाही, पडद्याचाच फोटो काढून ग्रूपवर टाकायचा आणि खाली लिहायचं, ‘नायट्रो जिंकली आज!’ कोणी जिंकली ते लिहायचं नाही.

संध्याकाळी गाडीत बसताना पुढची सीट मागून घ्या. पाच वेळा उलटे होऊन आलेली मंडळी मागे एकमेकांच्या खांद्यावर घोरत पडतील. घाट सुरू होईल आणि दुसऱ्याच वळणाला तुम्हाला मळमळायला लागेल. लाजू नका, काच खाली करा, खिशात आवळा सुपारी ठेवलेली असू द्या. खंडाळ्याला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि मागचा कुणी डोळे चोळत ‘काय झालं रे?’ म्हणाला, तर कठड्याला धरूनच त्याला सांगा, ‘काही नाही रे, नायट्रो आत्ता लागतीये.’