निळीचं पाणी

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बिचारं उजनीहून सुमारे ११० किलोमीटर पाइपातून येतं, दमणारच. पण तेच पाणी वापरून झाल्यावर घराबाहेर काढायला साडेतीन महिने लागतात, हे मला यंदा कळलं.

झालं असं की आमच्या गल्लीत ड्रेनेजची लाइन पडली. तोवर आमचं सगळं मागच्या अंगणातल्या सेप्टिक टँकमध्ये गुण्यागोविंदानं चाललं होतं. पण लाइन आली की जोडणी घ्यायची, असा नियम. गेलो एका कार्यालयात. (कुठलं ते सांगत नाही, जोडणीचा दाखला अजून त्यांच्याच कपाटात आहे.) "साधा अर्ज आहे," असं तिथं सांगण्यात आलं. साध्या अर्जाला घरपट्टीची पावती, बांधकामाचा मंजूर नकाशा, परवानाधारक प्लंबरची सही, रस्ता खोदाईचे पैसे भरल्याचं चलन आणि एक हमीपत्र. गच्चीवरचं पावसाचं पाणी मैल्याच्या लाइनीत सोडणार नाही, असं त्यात लिहून द्यायचं. नियम शहाणा आहे. पावसाचं पाणी त्या लाइनीत घुसलं की चेंबर उफाळतात आणि जे पुरायचं ते रस्त्यावर फिरायला निघतं. पण मोजक्या पावसाच्या गावात गच्चीवरचं पाणी गटारात सोडण्याची चैन करतो कोण? मी दोनदा सही करायला तयार होतो.

कागद जमले आणि मिस्त्री आले. त्यांनी पिशवीतून पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं घेऊन रस्त्यावरच्या चेंबरशी उकिडवे बसले. नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि दोन्ही टोकांचं पाणी स्थिर होईपर्यंत टोक हलू द्यायचं नाही. मी श्वास रोखून उभा. त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली, टेप लावला आणि मान हलवली.

"मालक, घर खाली गेलंय की ओ तुमचं."

घर कुठंही गेलं नव्हतं. बांधलं तेव्हा रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून आत यायचो. मग दर निवडणुकीला रस्त्यावर डांबराचा एकेक थर चढला, आणि आता आम्ही एक पायरी उतरून घरात येतो. त्यातून संडास मागच्या बाजूला, लाइन पुढच्या. मधे १४ मीटर. मिस्त्रींचा हिशेब तोंडपाठ होता: चार इंची पाइपाला चाळीस फुटाला एक फूट उतार, सहा इंचीला साठ फुटाला एक. म्हणजे चार इंची टाकला तर ३५ सेंटिमीटर उतार हवा. आमच्याकडे होता २६.

"मग सहा इंची टाकू. तेवीस-चोवीसमध्ये बसतंय," ते म्हणाले.

पाइप मोठा तर उतार कमी लागतो, हे माझ्या पदवीला ठाऊक नव्हतं. मी शहाणपणानं विचारलं, जरा जास्तच उतार दिला तर अजून चांगलं नाही का? मिस्त्रींनी माझ्याकडं शाळेत नापास झालेल्या पुतण्याकडं बघावं तसं बघितलं. "पाणी पळून जातंय, माल तिथंच बसतोय." पुढं त्यावर मी काही विचारलं नाही.

याच सुमारास मला सुबुद्धी सुचली. एवढं खोदतोच आहोत, तर न्हाणीचं आणि कपड्यांचं पाणी वेगळं काढून बागेला का देऊ नये? संडासाचं लाइनीला, बाकीचं खडी-वाळूच्या वाफ्यातून कर्दळीला. मी रंगीत पेन्सिलींनी नकाशा काढला आणि कार्यालयात नेला. साहेबांनी तो उभा धरून बघितला, आडवा धरून बघितला.

"सांडपाणी लाइनीत सोडा असं लिहिलंय. केळीला सोडा असं कुठं लिहिलंय?"

"केळी नाही, कर्दळ आहे."

"कर्दळीचा रकाना नाही फॉर्ममध्ये."

चहा झाल्यावर मात्र त्यांनी तीन अटी सांगितल्या, आणि खरं सांगतो, तिन्ही बरोबर होत्या. पाणी उघड्यावर साचायचं नाही, डास होतात. टाकीत दिवसभराच्या वर ठेवायचं नाही, सडतं. आणि वाफा भरला तर जास्तीचं पाणी आपोआप लाइनीत गेलं पाहिजे, शेजाऱ्याच्या पायात नाही. स्वयंपाकघराची मोरी मी आपणहून वगळली. आमच्याकडं शेंगाचटणीवर तेल सोडतात ते हात राखून नाही. कर्दळीला ते पचलं नसतं.

घरी येऊन मी आईला ही पुनर्वापराची योजना समजावली. आई भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं काय करूलाले?"

खरंच होतं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला. कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी फरशीला. फरशीचं संडासात. आमच्या घरात एक बादली पाणी तीन-चार नोकऱ्या केल्याशिवाय निवृत्त होत नाही. माझ्या वाफ्यात नऊ हजार रुपयांची खडी, वाळू आणि व्हॉल्व्ह बसला खरा, पण त्याच्या वाट्याला येणार काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही नाही.

मग आला तपासणीचा दिवस. साहेब, त्यांचा सहायक, मिस्त्री आणि दोन शेजारी चेंबरभोवती गोल उभे. झाकण काढलेलं. साहेब म्हणाले, "सोडा पाणी."

नळ येऊन चार दिवस झाले होते. गच्चीवरची टाकी मी हातानं वाजवून बघितली, ढोल झाला होता. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. साहेबांनी घड्याळ बघितलं. दोन्ही शेजाऱ्यांना त्याच क्षणी आपापल्या घरी काम आठवलं, कारण अशा वेळी बादली मागितली जाते हे त्यांना पक्कं माहीत.

तेवढ्यात आई मागच्या दारातून बादली घेऊन आली. वडिलांचे पांढरे सदरे बुडवून काढलेलं निळीचं पाणी होतं. फरशीसाठी राखून ठेवलेलं.

"सगळं लागंल का?" तिनं विचारलं.

"सगळं ओता, मावशी."

तिनं संडासात बादली रिकामी केली आणि आम्ही सगळ्यांनी चेंबरवर माना झुकवल्या. काही नाही. मिस्त्री पुटपुटले, "येतंय, येतंय." मी चौदा मीटरला साठनं भागत होतो. तेवढ्यात पाइपाच्या तोंडाशी एक निळी रेघ दिसली, मग जाड झाली, आणि पाणी न अडखळता चेंबर ओलांडून रस्त्याकडं गेलं.

"ओके," साहेब म्हणाले. "रंग टाकून तपासायची आयडिया बरी केलीत."

मी मान डोलावली. "आता तो वाफा दाखवा," ते म्हणाले. "त्यात पण सोडा थोडं."

मी आईकडं बघितलं. आईनं बादली उलटी करून आपटली.

"आता उद्या. नळ आल्यावर."