पानात टाकायचं नाही

आमच्या घरात लहानपणी दोन कायदे होते. पहिला, पानात काही टाकायचं नाही. दुसरा, पहिल्या कायद्याला अपवाद नाही. कारल्याची भाजी असो नाहीतर मावशीकडचा गारढोण उपमा असो, पान लख्ख करूनच उठायचं. आई ताट उचलताना उजेडाकडे धरून बघायची. या संस्कारांवर मी बँकेतली नोकरी काढली, संसार काढला, शेकडो लग्नं जेवलो, कधी अडलं नाही. अडलं ते मेक्सिकोतल्या वाहाका गावात, एका मंगळवारी, सकाळी दहा ते दुपारी तीन.

आमची लेक ह्यूस्टनला असते. सहा महिने तिच्याकडे गेलो होतो, त्यात आमच्या लग्नाला ३५ वर्षं झाली म्हणून तिने आम्हाला चार दिवसांची सहल भेट दिली. "बाबा, फूड टूर आहे. काही बघायचं नाही, नुसतं खायचं." किल्ले आणि म्युझियमं बघून पाय दुखतात, खाऊन कुणाचे पाय दुखल्याचं ऐकिवात नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

मी तिकिटावरचं नाव 'ओअक्साका' असं वाचत होतो. लेकीने शिकवलं, वाहाका. तिकडे एक्सचा ह होतो. जेचाही ह होतो. आणि ज्याच्याकडून ह ची अपेक्षा करावी, तो एच मात्र गप्प बसतो. जोशी आडनावाच्या माणसाला हे आधी कळलेलं बरं असतं.

परमुलखात पोटाची आबाळ नको म्हणून खांद्यावरच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, लाल मिरचीचा ठेचा, तळलेले साबुदाण्याचे पापड आणि राजगिऱ्याचे लाडू घेतले. आपलं म्हणून काहीतरी जवळ असलेलं बरं.

"होशी? सेन्योर होशी?" सकाळी दहाला चौकात गाइड हाका मारत होती. तिशीतली चुणचुणीत मुलगी, पायात कोल्हापुरीची चुलतबहीण वाटावी अशी चामड्याची चप्पल. आमच्या गटात आम्ही दोघं, कॅनडातलं एक जोडपं आणि टेक्ससच्या दोन मुली. "आज आपण ११ ठिकाणी थांबणार आहोत," ती म्हणाली. मी मनात हिशेब केला. माणशी ९९ डॉलर, म्हणजे थांब्याला नऊ डॉलर, म्हणजे साधारण सातशे पासष्ट रुपये. ११ या आकड्याकडे माझं लक्ष गेलं ते एवढंच. तिथे खरं तर पोटाचा हिशेब करायला हवा होता.

पहिल्या थांब्यावर चॉकलेट आणि अंड्याच्या बलकातला गोड पाव. चॉकलेट म्हणजे कोकोची वडी गरम पाण्यात घालून, दालचिनीच्या वासाची, लाकडी रवीने घुसळून फेस काढलेली. रवी हुबेहूब आपलीच. दोन तळव्यांत धरून फिरवायची. मी वाटी संपवली, पाव संपवला. टेक्ससच्या मुलींनी पावाचा एकेक तुकडा मोडला, "वाव" म्हणाल्या आणि उरलेला तिथेच ठेवून उठल्या. मला वाटलं, तब्येत बरी नसेल बिचाऱ्यांची.

दुसरा थांबा, केळीच्या पानात उकडलेला तमाल. आपल्या पानगीचा लांबचा नातेवाईक, फक्त आत काळी आमटी आणि कोंबडी. मी शाकाहारी घरातला. बायको मालवणची, म्हणून लग्नानंतर पापलेटपर्यंत पोचलो आणि तिथेच थांबलो. मला मांसाशिवाय पाहिजे, असं गाइडने विक्रेतीला सांगितलं. तिने मान डोलावली आणि कोंबडीचाच दिला. 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, यात त्यांच्या लेखी कोंबडी येत नाही. कोंबडी ही कोंबडी असते, मांस हे मांस असतं. शेवटी मला घेवड्याच्या सारणाचा मिळाला. तोही संपवला.

तिसऱ्या थांब्यावर मात्र आम्ही रेंगाळलो. मातीच्या मोठ्या तव्यासमोर एक आजीबाई बसल्या होत्या. या तव्याला ते कोमाल म्हणतात. बाजूला बादलीत फुगलेला मका. गाइडने सांगितलं, हा मका चुना घातलेल्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर तसाच ठेवतात.

"चुना?" माझ्या डोळ्यासमोर एकदम आमचे आप्पामामा आले, डाव्या तळहातावर तंबाखू, उजव्या अंगठ्याने चुना.

"चुना," ती म्हणाली. त्याने मक्याचं साल सुटतं, पीठ चिकट होतं आणि मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व अंगी लागतं. हजारो वर्षांची रीत. युरोपातल्या लोकांनी मका उचलला, चुना मात्र इथेच सोडला. मग जिथे जिथे गरिबांचं पोट नुसत्या मक्यावर, तिथे तिथे पेलाग्रा नावाचा कातडीचा आणि डोक्याचा रोग. आप्पामामांना आयुष्यभर जी शिस्त जमली ती इटलीला जमली नाही, याचं मला उगाचच समाधान वाटलं.

आजीबाईंनी हिच्याकडे बघून एक गोळा पुढे केला. ही हात धुऊन मांडी घालून बसली. पाण्याचा हात लावला आणि तळव्यावर थापायला लागली, टप टप टप. गटातले सगळे फोन वर झाले. "अहो, याला कडेला चिरा जात नाहीत," ही खालच्या आवाजात म्हणाली. ज्वारीच्या पिठाशी ३५ वर्षं भांडलेल्या बाईचा तो आवाज होता, त्यात थोडी असूया होती. भाकरी तव्यावर पडली, उलटली, टम्म फुगली. आजीबाईंनी ती उचलली, दोन बोटांत धरून चाचपली आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?" हिने विचारलं.

गाइडने जरा आढेवेढे घेतले. "म्हणाल्या, छान आहे. जाड आहे."

सासूबाई गेल्यानंतर असं हिला कुणी बोललं नव्हतं. ती जाड भाकरी घेवडा आणि चीज लावून मीच संपवली.

चौथ्या थांब्यावर तेहाते. मका, कोको, मामे फळाची बी आणि कसलंसं फूल वाटून गार पाण्यात कोपरापर्यंत हात घालून कालवलेलं पेय. वर जो फेस येतो तो पाहून मला कपडे भिजवलेली बादली आठवली, पण चव चांगली होती. अर्धा लिटर होतं. अर्धा लिटर प्यालो.

पाचवा थांबा, बाजारातल्या टोपल्या. टोपल्यांत लालसर, कुरकुरीत, डोळे असलेलं काहीतरी. नाकतोडे. कोमालवर लसूण, लिंबू, मीठ घालून परतलेले, चापुलीनेस. कॅनडाचे गृहस्थ दोन पावलं मागे सरले. मी त्यांच्या मागे. ही पुढे झाली, चिमूट उचलली, तोंडात टाकली, डोळे मिटले.

"सुका जवळा!" ती म्हणाली. "अगदी सुका जवळा. कांदा, खोबरं आणि दोन कोकमं मिळाली असती ना..."

मी म्हटलं, "अगं, त्याला पाय आहेत."

"जवळ्याला काय चाकं असतात?"

विक्रेतीने खूश होऊन तिला पुडी बांधून दिली. पानात टाकायचं नाही या कायद्यात 'पान वाढूनच घ्यायचं नाही' ही पळवाट असते. मी ती तिथे पहिल्यांदा वापरली.

यानंतर आम्ही 'वीस नोव्हेंबर' नावाच्या मंडईत शिरलो. १९१० साली त्या तारखेला त्यांची क्रांती सुरू झाली, तिचं नाव. आत एक बोळ आहे, दोन्ही बाजूंना निखाऱ्यांवर मांस भाजताहेत, धूर एवढा की समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा. तो थांबा मी धुरावरच भागवला. मग आले मोले. मोले म्हणजे वाटणाचा दाट रस्सा. वाहाकाचे सात प्रसिद्ध. सातही छोट्या वाट्यांत पुढे आले. त्यांतल्या एकाचं नावच मांचामांतेलेस, म्हणजे टेबलावरची चादर डागाळणारा. माझ्या पांढऱ्या शर्टाने त्या नावाचा मान राखला.

काळा मोले मात्र विलक्षण. मिरच्या करपेपर्यंत भाजतात, तीळ, दाणे, सुकामेवा, मसाले, शेवटी चॉकलेट. मला आईच्या काळ्या मसाल्याचा दिवस आठवला, सगळ्या वाड्याला ठसका लागायचा तो. भावनेच्या भरात मी गाइडला म्हणालो, "मिरचीचं आम्हाला सांगू नका. मिरची म्हणजे आमचा विषय."

"मिरची आमची," ती म्हणाली. शांतपणे, सातबारा दाखवावा तशी. "पोर्तुगीजांनी नेली तुमच्याकडे. पाचशे वर्षं झाली असतील जेमतेम. त्याआधी तुम्ही तिखटाला काय घालायचात?"

"मिरी," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता लक्षात आलं, की मिरची हे नावसुद्धा म्हणजे आपण मिऱ्याचं जुनं झबलं घातलंय तिला.

मग ती थांबेना. टोमॅटो इथला. पेरू, पपई, सीताफळ, चिकू याच खंडातले. शेंगदाणा, बटाटा, साबुदाण्याचा कंद, रताळं, सगळं याच बाजूचं. ही बोटं मोजत होती. "अहो, म्हणजे आपली आख्खी एकादशी इथली?" मुक्ताईने माउलींच्या पाठीवर मांडे भाजले म्हणतात, पण मांड्यांबरोबर ठेचा नव्हता, हा विचार माझ्या मनात पहिल्यांदाच आला.

शेवटचं शस्त्र म्हणून मी पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढला. हा तरी नक्की आपला. ती किंचाळलीच, "आलेग्रिया!" आणि समोरच्या टोपलीतून तिने तस्साच, फक्त चौकोनी, राजगिऱ्याचा तुकडा आणून माझ्या लाडवाशेजारी ठेवला. आलेग्रिया म्हणजे आनंद. इथले जुने लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवाच्या मूर्ती करून प्रसाद म्हणून वाटून खायचे. स्पॅनिश पाद्र्यांना ते भलतंच ओळखीचं वाटलं आणि त्यांनी ते बंद पाडलं. २०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक जेवणाला मानवजातीचा वारसा म्हणून यादीत घेतलं. माझ्या पिशवीतला अर्धा ऐवज त्या वारशातला निघाला होता. म्हणजे मी मेक्सिकोला शिधा घेऊन आलो नव्हतो, पाचशे वर्षांनी परत करायला आलो होतो.

एक गोष्ट तेवढी मी जिंकली. पुढच्या दुकानात तिखटमीठ लावलेल्या चिंचेच्या गोळ्या होत्या. "तामारिंदो. अगदी मेक्सिकन," ती म्हणाली. "तमर हिंदी," मी म्हणालो, "हिंदुस्थानी खजूर. अरबांनी दिलेलं नाव." ती गप्प झाली. मी त्या आनंदात सहा गोळ्या खाल्ल्या.

तिने सूड आठव्या थांब्यावर घेतला. वीतभर, पोपटी, भज्यांच्या मिरचीसारखी दिसणारी मिरची, उभी चिरून लिंबाच्या रसात. चिले दे आग्वा, म्हणजे पाण्याची मिरची. "नो पिका," विक्रेता म्हणाला. तिखट नाही. मला वाटलं पाण्याची आहे, गुळमट असणार. दोन पट्ट्या एकदम घातल्या. त्यानंतरची काही मिनिटं मला सलग आठवत नाहीत. कानाच्या पाळ्या आठवतात. उचकी आठवते. ही "साखर खा, साखर खा" म्हणत होती, आणि विक्रेता मायेने म्हणत होता, "नो पिका, नो पिका." मेक्सिकोत 'नो पिका' हा आपल्याकडच्या 'पाच मिनिटांत पोचतोच' सारखा शब्द आहे हे मला गाइडने नंतर सांगितलं.

नवव्या थांब्यावर त्लायुदा आला. ताटाएवढी कडक भाकरी, वर घेवडा, दोऱ्यासारखं सुटणारं चीज. इथे माझं पोट बोलायला लागलं. शेजारी टेक्ससच्या मुली एक कोपरा मोडून हात पुसून मोकळ्या झाल्या होत्या. तेव्हा मला उलगडा झाला. त्यांची तब्येत उत्तम होती. त्या चाखत होत्या, मी जेवत होतो. सकाळपासून मी सात पानं जेवलो होतो.

"ठेवा ना," ही म्हणाली. मी ठेवणारच होतो. पण समोर काउंटरमागे एक म्हातारी बाई आमच्या ताटाकडे बघत होती, अगदी उजेडाकडे धरून बघावं तशी. मी तो संपवला. पँटचं बटण काढून संपवला.

दहाव्या थांब्यावर मेस्कल, म्हणजे तिकडची घायपाताची दारू. मी फक्त बरोबरच्या संत्र्याच्या फोडी घेतल्या, पचनाला बऱ्या म्हणून, लाल मीठ लावून. पाच फोडी झाल्यावर कळलं की ते मीठ मिरचीबरोबर अळ्या वाटून केलेलं असतं. पापलेटवर थांबलेला माणूस असा नकळत कुठल्या कुठे पोचला. मग मेस्कलही घेतली.

अकराव्या थांब्यावर आइस्क्रीम. "तुना," गाइड म्हणाली. माशाचं आइस्क्रीम! मी हात जोडले. पण तुना म्हणजे निवडुंगाचं लाल बोंड निघालं. आणि त्याच्या जोडीला घेतात तो दुसरा स्वाद म्हणजे करपलेलं दूध. मुद्दाम करपवलेलं! मी गॅसवर दूध विसरलो म्हणून या घरात मला काय काय ऐकून घ्यावं लागलं आहे, ते या बाईला माहीत आहे. मी हिच्याकडे बघितलं. ही दुसरीकडे बघत चमचा चाटत होती.

हॉटेलवर मी रात्रभर डाव्या कुशीवर पडून होतो. सकाळी ही बाजारात एकटी गेली आणि मोल्काहेते घेऊन आली. काळ्या दगडाचा, तीन पायांचा खल, साडेपाच किलोचा. सामानाचं वजन जमवण्यासाठी चटणी, ठेचा आणि पापड गाइडला देऊन टाकले. घरचं घरी गेलं.

आता तो खल ह्यूस्टनच्या स्वयंपाकघरात आहे. नवा खल लगेच वापरता येत नाही. आपल्या नव्या जात्यासारखं त्यात आधी कोरडे तांदूळ वाटायचे. दगडाची पूड मिसळून पीठ करडं होतं. ते फेकायचं, पुन्हा तांदूळ घ्यायचे, पांढरं येईपर्यंत. काम अर्थातच माझ्याकडे आहे. काल दोन वाट्या तांदूळ फेकले. आज सकाळी दीड. मी तिसरी मूठ हातात घेऊन विचारतो, "पांढरंच दिसतंय की गं आता?"

ही खल उचलून खिडकीशी नेते, उजेडाकडे धरते.

"करडं आहे. टाका."