निकोडेमसला कुणी काही फुकट दिलं नव्हतं

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, सॉलोमन नदीच्या काठी निकोडेमस नावाचं छोटं गाव आहे. त्याच्याबद्दलचा एक मजकूर बऱ्याच दिवसांपासून एकाकडून दुसऱ्याकडे पाठवला जातोय. आशय असा: गुलामगिरी संपल्यावर सरकारनं काळ्या लोकांना चाळीस-चाळीस एकर जमीन फुकट दिली, ओसाड माळावर त्यांनी गाव वसवलं, पण चालवता आलं नाही, दहा-बारा वर्षांत मोडलं. तात्पर्य काय, तर फुकटचं पचत नाही. हे वाचून मला संताप येतो, कारण यात चुका तर आहेतच, शिवाय कष्ट करून जगलेल्या माणसांची ही बदनामी आहे.

आधी ते चाळीस एकर. जानेवारी 1865 मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलं असताना, उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल शर्मननं तसा हुकूम काढला होता, पण तो साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीपुरता. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सननं त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देऊन टाकली. कॅन्ससशी त्याचा काडीचा संबंध नाही. निकोडेमसच्या लोकांनी जमिनी घेतल्या त्या 1862 च्या होमस्टेड कायद्याखाली: 160 एकर, सुमारे 18 डॉलर शुल्क, आणि पाच वर्षं तिथं राहून कसून दाखवायची अट. याच कायद्यानं लाखो गोऱ्या कुटुंबांनाही जमिनी मिळाल्या. त्यांना आपण कष्टाळू, धाडसी म्हणतो. मग यांनाच फुकटे का?

आता ‘दिलं’ म्हणतात ते काय होतं, ते बघा. 1877 साली सात जणांनी मिळून गावाची कंपनी काढली. सहा काळे आणि एक गोरा, डब्ल्यू. आर. हिल. या हिलनं केंटकीत जाऊन, तिथल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये उभं राहून नव्या गावाचं गुलाबी चित्र रंगवलं. गावातल्या प्लॉटला 5 डॉलर. सप्टेंबर 1877 मध्ये तीनशेच्या आसपास माणसं रेल्वेनं एलिस स्टेशनला उतरली आणि तिथून पन्नासेक किलोमीटर चालत गेली. पोचल्यावर बघतात तर घर नाही, झाड नाही. काही कुटुंबं तिथूनच माघारी फिरली. पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी नंतर सांगून ठेवलंय: गाव कुठंय, असं विचारल्यावर नवऱ्यानं जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं. माणसं जमिनीत खोदलेल्या खोल्यांत राहत होती. त्या रडायला लागल्या.

लाकूड नव्हतं, म्हणून टेकाडाच्या उतारात खोदायचं, पुढची बाजू गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या मातीच्या विटांनी बंद करायची, मधून धुराड्याचं भोक. सरपणाला सूर्यफुलांची वाळकी ताटं आणि रानरेड्यांचं वाळकं शेण. जनावरं मोजकीच, त्यामुळे कित्येकांनी पहिली जमीन कुदळ-फावड्यानंच फोडली. ती जमीनही कसली, शतकानुशतकं नांगर न लागलेली, गवताच्या मुळ्यांनी विणलेली.

‘ओसाड’ हा शब्द तर सर्रास वापरला जातो. त्या भागात पॉनी, कॉ, शायेन, अरापाहो या मूळ अमेरिकी जमातींच्या शिकारीच्या वाटा होत्या. 1857 मध्ये सॉलोमन नदीकाठीच शायेन आणि अमेरिकी सैन्याची लढाई झाली. अमेरिकी सरकारशी झालेल्या 1867 च्या मेडिसिन लॉज करारानंतर शायेन-अरापाहोंना दक्षिणेकडे हलवलं गेलं, आणि 1878 च्या सप्टेंबरात, म्हणजे निकोडेमस वसल्यानंतर वर्षभरानं, उत्तरेच्या शायेनांची एक तुकडी आपल्या मुलखाकडे परत निघाली ती पश्चिम कॅन्ससमधूनच. माळ ओसाड नव्हता, तो मोकळा करवून घेतला होता. आणि पहिल्या हिवाळ्यात निकोडेमसची उपासमार चालली असताना शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी त्यांना अन्न दिलं, ही आठवण गावातल्या वंशजांनी जपून ठेवली आहे.

गाव मोडलं का? 1880 च्या दशकात तिथं दुकानं, हॉटेल, शाळा, चर्च आणि दोन वृत्तपत्रं होती. 1878 साली तिथं येऊन स्थायिक झालेले एडवर्ड मॅकेब 1882 मध्ये अख्ख्या राज्याचे ऑडिटर, म्हणजे हिशेब तपासणारे अधिकारी, म्हणून निवडून आले आणि पुन्हाही आले. मग आला रेल्वेचा प्रश्न. मिसूरी पॅसिफिक कंपनीनं गावातून रूळ न्यावेत म्हणून 1887 साली लोकांनी मतदान करून 16,000 डॉलरचे रोखे मंजूर केले, पण बोलणी फिसकटली. 1888 मध्ये युनियन पॅसिफिकनं रूळ टाकले ते नदीच्या पलीकडून, काही मैल दक्षिणेला. दुकानदारांनी बोग या नव्या ठाण्याकडे मुक्काम हलवला. काहींनी तर इमारतीच उचलून नेल्या. त्या काळात रेल्वेनं वगळलेली गोऱ्यांची गावंही अशीच खालावली, आणि त्यांच्याबद्दल कुणी ‘पचलं नाही’ म्हणत नाही.

तरी शेतकरी राहिले. 1930 च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी आणखी माणसं गेली, तरीही काही घरं टिकली. 1996 साली गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आजही दर उन्हाळ्यात, जुलैच्या शेवटी, देशभर पांगलेले वंशज तिथं परत जमतात आणि काही कुटुंबांच्या नावावर त्या पहिल्या जमिनी अजून आहेत.