मऊ वाळू वरून दिसत नाही, म्हणूनच तपासायची

नमस्कार,

अलास्कात नदीपात्रातल्या वाळू-गोट्यांच्या पट्ट्यांवर छोटी विमानं उलटतात, त्यावरच्या माझ्या लेखात मी सगळा ठपका पायलटवर ठेवला, असं तुम्ही लिहिलंत. वाळू मऊ की घट्ट हे वरून कळत नाही, मग चाक रुतलं तर त्याचा काय दोष, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. तरी माझं मत कायम आहे.

वरून कळत नाही हे तिथले मुरलेले पायलट पक्कं जाणून असतात, म्हणून ते पहिल्या फेरीत उतरत नाहीत. आधी कमी उंचीवरून फेऱ्या मारून ओंडके, खड्डे, वारा बघतात. मग उडण्याइतका वेग राखून, भार पंखांवरच ठेवून, चाकं वाळूला नुसती घासत नेतात आणि पुन्हा वर उठतात. वळून आपल्याच चाकोऱ्या निरखतात. चाकोरी खोल गेलेली असेल किंवा तिच्यात पाणी झिरपत असेल, तर तिथे उतरायचं नाही. अमेरिकेतल्याच आयडाहो राज्यात, दऱ्यांतल्या काही धावपट्ट्यांवर मात्र एका टप्प्यानंतर परत फिरताच येत नाही. तिथे हा निर्णय दरीत शिरण्याआधीच घ्यावा लागतो.

मोठे फुगीर टायर असले की झालं, हे मला अजिबात पटत नाही. सुपर कबसारख्या शेपटीला चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. टेकताना विमान जरा तिरकं झालं की शेपूट पुढे यायला बघते आणि विमान गर्रकन फिरतं. टायर मोठे म्हणून हे टळत नाही. मऊ जागी घाबरून ब्रेक करकचून दाबला, तर शेपूट वर आणि प्रोपेलर वाळूत.

वेगाचंही तेच. १० टक्के जादा वेगाने टेकलात तर थांबवायची ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने ओल्या गवतावर लँडिंगचं अंतर ३५ टक्के जास्त धरायला सांगितलं होतं, आणि अगदी आखूड ओल्या गवतावर ते ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं असंही बजावलं होतं. हा हिशोब उड्डाणाआधी, टेबलावर बसून करता येतो. तो न करता उतरलेल्याच्या अपघाताला ‘जमीन वाईट होती’ म्हणून सोडून दिलं, तर पुढचा पायलट त्यातून काय शिकणार?

पक्क्या धावपट्ट्या बांधा, ही तुमची सूचना गावांसाठी शंभर टक्के मान्य. नदीपात्रात ती चालणार नाही. बर्फ वितळून पूर आला की पट्टे सरकतात, नवे ओंडके येऊन बसतात. गेल्या वर्षीची घट्ट जागा यंदा तशीच असेल, हे कुणीच सांगू शकत नाही.