नाल्याकडची जमीन ‘पडीक’ नाही, त्या फॉरवर्डला एकेक मुद्द्याचं उत्तर

गेल्या आठ दिवसात आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्याबद्दलचा एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला, गल्लीच्या, युवक मंडळाच्या, भावकीच्या आणि शाळेच्या जुन्या दोस्तांच्या. मेसेज असा आहे, थोडक्यात सांगतो: “बळ्ळारी नाल्याकडची दलदल म्हणजे पडीक जागा, दरवर्षी पीक कुजतंय, शेतकऱ्याला काही मिळत नाही. भराव टाकून प्लॉट पाडा, शेतकऱ्याला पैसा आणि शहराला जागा. नाला सरळ करून काँक्रीटचा केला की पूर बंद, डास बंद. पाण्याचं टेन्शन नाही, हिडकल धरण आहे, कमी पडलं तर बोअर आहेत. निसर्गच पाहिजे तर तलावाला कठडा, वॉकिंग ट्रॅक आणि कारंजं करा.” आणि शेवटी “विकासाला विरोध करणाऱ्यांना ओळखा”.

फॉरवर्ड करणारे आपलेच आहेत, वाईट हेतूनं पाठवालेत असं मी म्हणणार नाही. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि एकच वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बसून लिहालोय. लांबलंय, पण वाचा.

पहिलं “पडीक”. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ, हलगा, नाल्याच्या दोन्ही अंगाला जे शिवार आहे तिथं पावसाळ्यात भात होतं आणि बेळगावच्या ज्या बासमतीचं नाव लोक अजून काढतात तो याच पट्ट्यातला. भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा येतोय, वरनं पाणी न देता. दिवाळीनंतर पाणी न पाजता जी जमीन दुसरं पीक देते तिला पडीक म्हणायचं कसं?

आणि पीक बाजूला ठेवा, नुसता पाण्याचा हिशोब करा. एक एकरात एक फूट पाणी थांबलं तर ते होतं साधारण सव्वाबारा लाख लिटर. बारा हजार लिटरचा टँकर धरला तर शंभर टँकर, एका एकरात. पन्नास एकर भरावाखाली गेले की सहा कोटी लिटर पाण्याची बसायची जागा गेली. पाऊस तेवढाच पडणार आहे, बेळगावात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतोच, आणि तो जून ते सप्टेंबरात जास्त. मग ते सहा कोटी लिटर जाणार कुठं, तर शेजारच्या शेतात नाहीतर खालच्या गल्लीतल्या घरात. भराव टाकला म्हणजे पाणी गेलं असं होत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो.

आता ते अर्धं खरं वाक्य, “दरवर्षी पीक कुजतंय”. हे खरं आहे. आमचं स्वतःचं सव्वीस गुंठे आहे नाल्याच्या बाजूला, आणि रोप लावून आठ दिवस झाले नाहीत तोवर सगळं पाण्याखाली, मग दुबार लावण, परत रोप विकत आणायचं, परत बायकांची मजुरी, परत ट्रॅक्टरचा चिखल, हे मी लहानपणापासनं बघालोय आणि आताच्या वर्षात ते जास्तच व्हायलंय. आजोबा सांगायचे की पूर्वी पण पाणी यायचं, पण दोन दिवसात उतरायचं आणि जाताना गाळ टाकून जायचं, त्या गाळावर पीक जोरात यायचं. भात पाण्यात उभं राहतं, ते त्याचंच पीक आहे, पण शेंडा बुडून आठ-दहा दिवस राहिलं की मेलं. म्हणजे प्रश्न पाणी येण्याचा नाही, पाणी न उतरण्याचा आहे.

का उतरत नाही ते नाल्याच्या काठानं चालत गेलं की दिसतं. एक, गाळ. पात्र उथळ झालंय, कित्येक ठिकाणी नाल्याचा तळ आणि शेत जवळपास एका लेव्हलला आलेत. दोन, जलपर्णी. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची, सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस खाऊन वाढते आणि अनुकूल पाणी मिळालं तर दोन-तीन आठवड्यात दुप्पट होते. जलपर्णी दिसली म्हणजे वरनं ड्रेनेज सोडलंय असं समजायचं. मशीन लावून काढली तरी सांडपाणी चालू आहे तोवर ती परत येणारच, दरवर्षीचा खर्च वाया. तीन, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण, रस्ते आणि भराव. शिवारातनं आडवा उंच रस्ता न्यायचा आणि खाली मोरी ठेवायची दोन पाइपांची, त्यातला एक कचऱ्यानं तुंबलेला. रस्ता तिथं बांधासारखा काम करतो, वरच्या बाजूला तळं साठतं. शिवाय लेंडी नाला फुटला की त्याचं पाणी पण इकडंच. म्हणजे आधी पाण्याची वाट अडवायची, मग पीक कुजलं की जमीन निरुपयोगी आहे म्हणायचं आणि मग अजून भराव टाकायचा. या चक्रात शेतकरी कंटाळून जमीन देऊन टाकतो आणि त्याला कोण दोष देणार, मी तरी देणार नाही.

“नाला सरळ करून काँक्रीटचा केला की पूर बंद.” पूर बंद होत नाही, पुढं ढकलला जातो. वळणं, काठावरचा लव्हाळा, बाजूची ओली शेतं, हे सगळं पाण्याचा वेग कमी करतं आणि पाणी वेळ घेऊन सोडतं. गुळगुळीत काँक्रीटच्या गटारातनं तेच पाणी तासाभरात खाली पोचतं. खाली कोण आहे? बळ्ळारी नाला मार्कंडेयला मिळतो, मार्कंडेय गोकाककडं जाऊन घटप्रभेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोकाक शहरात पाणी शिरलं होतं ते सगळ्यांना आठवतंय, आपल्यातल्या किती जणांचे पाहुणे तिकडं होते. घटप्रभेला पूर असताना वरनं प्रत्येक नाला जास्त वेगानं पाणी टाकायला लागला तर त्या लोकांचं काय होईल? आणि काँक्रीटच्या तळातनं खाली काही मुरत नाही तो तोटा वेगळाच. गाळ काढा, मोऱ्या मोठ्या करा, पुलाखालची वाट मोकळी करा, याला कोणाचा विरोध नाही, शेतकरी वर्षानुवर्ष तेच मागालेत. तो वेगळा विषय आणि नाल्याचं गटार करणं हा वेगळा.

बेंगळूरचं उदाहरण घ्या, आपल्याच राज्यातलं. मॅजेस्टिकचा बस स्टँड आहे तिथं धर्मांबुधी तलाव होता, कंठीरवा स्टेडियम आहे तिथं संपंगी तलाव. तलाव गेले, तलावाला जोडणारे राजकालुवे, म्हणजे पावसाचं पाणी नेणारे मोठे नाले, अरुंद झाले आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आयटी कंपन्यांच्या भागात ट्रॅक्टर आणि बोटीतनं माणसं काढावी लागली. तिथं पैसा कमी होता म्हणून ते झालं नाही.

डासांचं पटकन सांगतो. डेंग्यूचा डास दलदलीत नाही, घराजवळच्या साठलेल्या पाण्यात वाढतो, टायर, कुंडीची बशी, न झाकलेलं बॅरल. क्युलेक्स डास तुंबलेल्या घाण गटारात होतो. वाहत्या-हलत्या जिवंत पाणथळीत मासे, बेडूक, चतुराची पिल्लं असतात आणि ती डासांच्या अळ्या खातात. डास पाहिजे नसतील तर सांडपाणी बंद करा.

आता “हिडकल आहे की”. हिडकलचं धरण साधारण ५१ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), मोठंच आहे, पण ते एकट्या बेळगाव शहरासाठी बांधलेलं नाही. हुक्केरी, गोकाक, रायबाग, चिक्कोडी आणि पुढं बागलकोट जिल्ह्यातल्या शेतीला त्याच्यावर पाणी आहे. त्यातनंच धारवाडकडच्या औद्योगिक वसाहतीला पाणी न्यायची योजना आली आणि बेळगावात त्यावरनं आंदोलन झालं, ते आपल्याच लोकांनी केलं. एका हातानं हिडकलचं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून निवेदन द्यायचं आणि दुसऱ्या हातानं घराजवळची पाणी धरणारी जागा भरायची, हे जुळत नाही. शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाचं पण तेच, पाऊस लांबला की पेपरात रोज पातळी बघायची आणि नळाला पाच-सहा दिवसाआड पाणी.

बोअरचं तर ऐकाच. आपल्या खाली बेसाल्ट, काळा पाषाण. त्यात पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि फटीत, खाली समुद्र नाही. पाणी त्या फटीत वरनंच जातं. मान्य आहे की शेतातल्या चिकण मातीतनं पाणी झटकन मुरत नाही, पण ते तीन-चार महिने थांबतं तेव्हा हळूहळू जातंय आणि आसपासच्या विहिरींना फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी राहतंय ते त्याच्यामुळं. वर पेव्हर आणि खाली तीनशे-चारशे फूट बोअर, म्हणजे भरणा बंद आणि काढणं चालू. शहापूर, टिळकवाडी, शहरात जुन्या विहिरी किती आहेत बघा. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत विहीर खोदली, ती काँग्रेस विहीर आज पण आहे. गाळ काढून परत वापरात आणलेल्या विहिरी पण शहरात आहेत. त्यांना पाणी कुठनं येतं याचा विचार भराव टाकणाऱ्यानं एकदा करावा.

कठडा आणि कारंजं. यावर मला राग येतो, खरं सांगतो. तलावाच्या चारी बाजूनं उभी दगडी भिंत बांधली की काठाचा उथळ पट्टा संपला, आणि बगळा, पाणकोंबडी, माशांची अंडी, पाणी गाळणारी पानकणसं, सगळा जीव त्याच पट्ट्यात असतो. आणि भिंत बांधताना तलावात पाणी आणणारे ओहोळ बंद होतात, ते कोणाच्या प्लॅनमध्ये दाखवलेले पण नसतात. मग दोन वर्षांनी तलाव कोरडा नाहीतर हिरवा. खरं पुनरुज्जीवन क्रमानं करायचं असतं: आधी सांडपाणी वळवून शुद्धीकरणाकडं न्यायचं, मग येणाऱ्या ओहोळांची वाट मोकळी करायची, मग गाळ काढून शेतात घालायचा आणि काठ उतरता ठेवायचा. ट्रॅक शेवटी, थोडा लांबनं. कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरच्या पाणथळ जागा आहेत, २००२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेल्या, तिथं शहराचं सांडपाणी माशांच्या तळ्यातनं आणि शेतातनं जाऊन साफ होतं आणि हजारो लोकांचं पोट त्यावर आहे. तसंच्या तसं इथं करा म्हणत नाही, तिथली जमीन आणि रचना वेगळी, पण पाणथळ जागा फुकटचं काम करते हे तिथं शंभर वर्षं दिसालंय.

आणि कायद्याचं. एक जण म्हणाला, वेटलँडचा, म्हणजे पाणथळ जागांचा कायदा आहे, आपोआप वाचेल. नाही वाचणार. २०१७ च्या वेटलँड नियमात भातशेती धरलेलीच नाही, नदीचं पात्र पण नाही. म्हणून आपणच बघायला पाहिजे. उताऱ्यावर ‘ब खराब’ म्हणून लिहिलेलं क्षेत्र असतं, नाला, तलाव, पाणंद वगैरे, ते सार्वजनिक असतं, कोणाला विकता येत नाही. सुप्रीम कोर्टानं २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावच्या तळ्यावरची अतिक्रमणं काढायला सांगितलंय. प्लॉट घेणाऱ्यानं आधी सर्व्हे नंबरचा नकाशा आणि उतारा बघावा.

राहिला शेतकऱ्याचा पैसा, तो मुद्दा मी टाळणार नाही. शहराचं पाणी आमच्या शेतात थांबतं म्हणून खालच्या गल्ल्या वाचतात, मग त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यानं का सोसायचा? पीक बुडालं तर पंचनामा वेळेत आणि भरपाई दुबार लावणीच्या खर्चाएवढी, आणि जो भराव न टाकता भात करतो त्याला दरवर्षी एकरी ठरावीक रक्कम, अशी मागणी पाहिजे. पालिकेच्या बजेटमध्ये कारंज्याला पैसे निघतात तर याला निघतील.

पावसाला अजून पाच-सहा आठवडे आहेत. ज्यांचं शेत किंवा घर नाल्याजवळ आहे त्यांनी आपल्या जवळच्या मोरीचा फोटो काढून पाइप किती, उघडे किती, एवढं गल्लीच्या ग्रुपवर टाका, मी सर्व्हे नंबर लावून एकत्र करालोय. काल रात्रीपर्यंत अकरा आलेत, त्यातल्या सात पूर्ण बंद आहेत.