परतावा, बक्षीस आणि चाकणचा कांदा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

निर्यातमालावर आधीच भरलेले कर निर्यातदारांना परत देणाऱ्या ‘रोडटेप’ या सरकारी योजनेची मी मागच्या लेखात बाजू घेतली, त्यावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. करदात्यांच्या पैशावर कारखानदार पोसण्याचा हा प्रकार जागतिक व्यापार संघटनेनेही नियमबाह्य ठरवला आहे, पुण्यात बसून लिहिणाऱ्याला भोसरी-चाकणच्या उद्योजकांचा कळवळा यावा यात नवल नाही, पण शेतकऱ्याच्या पदरात यातले काय पडते, असा आपला सवाल आहे.

आधी माझी चूक कबूल करतो. एमईआयएस (रोडटेपच्या आधीची निर्यात-प्रोत्साहन योजना) आणि रोडटेप ही एकाच योजनेची दोन नावे असावीत, अशा रीतीने मी ती लिहून गेलो. अमेरिकेच्या तक्रारीवरून ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी व्यापार संघटनेच्या तंटे सोडवणाऱ्या पॅनेलने ज्या योजनांविरुद्ध निकाल दिला, त्यांत २०१५ साली सुरू झालेली एमईआयएस होती. रोडटेप तेव्हा अस्तित्वातच नव्हती. भारताने अपील केले, परंतु अपील ऐकणारे मंडळ त्याच डिसेंबरपासून ठप्प असल्याने निकाल अधांतरी राहिला. तरीही सरकारने २०२० अखेर एमईआयएस गुंडाळली आणि १ जानेवारी २०२१ पासून रोडटेप आणली. आपण जुन्या योजनेचा निकाल नव्या योजनेला लावलात, त्याला माझा ढिसाळपणाच कारण झाला.

मात्र ‘नाव बदलले, खैरात तीच’ हे आपले वाक्य मला मान्य नाही. एमईआयएस हे निर्यात केल्याबद्दलचे बक्षीस होते. रोडटेपमध्ये, निदान तत्त्वतः, आधी भरलेला कर परत मिळतो. भोसरीतल्या एका शेडमध्ये सुटे भाग बनवणाऱ्या परिचितांनी मला त्यांचे वीजबिल दाखवले होते. त्यात ‘वीज शुल्क’ अशी स्वतंत्र ओळ असते, आणि वीज जीएसटीत नसल्याने ती रक्कम जीएसटीच्या परताव्यात परत मिळत नाही. पेट्या न्हावाशेवा बंदराला नेणाऱ्या ट्रकच्या डिझेलवरचे उत्पादन शुल्क आणि व्हॅट यांचीही तीच गत. हे कर मालाच्या किमतीत मुरून परदेशी ग्राहकापर्यंत जातात. भरलेल्या अप्रत्यक्ष करापेक्षा जास्त रक्कम दिली नाही, तर असा परतावा व्यापार संघटनेच्या नियमांनुसारही अनुदान ठरत नाही.

योजनेत खोट आहे, पण ती वेगळीच. ऑगस्ट २०२१ मध्ये दर जाहीर झाले तेव्हा पोलाद, रसायने आणि औषधे यांना वगळले होते. त्यांचा समावेश १५ डिसेंबर २०२२ पासून झाला. योजनेला वार्षिक तरतुदीची मर्यादाही आहे. घेतलेला कर परत करायचा असेल, तर कोणाला किती द्यायचे हे तिजोरीकडे पाहून कसे काय ठरते? दर कोणत्या हिशेबावर बसवले तो हिशेब लोकांसमोर यावा, ही आपली मागणी मला शंभर टक्के मान्य आहे.

आता शेतकऱ्याविषयी. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या अवशेषांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली, आणि त्या हंगामात बागायतदारांचे अतोनात नुकसान झाले. आज युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची बाग ‘अपेडा’ या केंद्राच्या कृषिमाल-निर्यात संस्थेच्या ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन नोंदणी-प्रणालीवर नोंदलेली असावी लागते, नमुन्याची अवशेष-तपासणी होते आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. या तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आपल्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. नारायणगावच्या बागायतदाराला परताव्यापेक्षा ‘पास’ झालेला तो अहवाल अधिक मोलाचा वाटतो. निर्यात-प्रोत्साहन म्हणतात ते मला तरी मुख्यतः अशा कामात दिसते, आणि मागच्या लेखात त्याचा उल्लेखही नव्हता, हे आपण बरोबर हेरलेत.

पण चाकणला कारखान्यांइतकाच जुना-जाणता कांद्याचा बाजारही आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबरपासून सरसकट बंदी, ४ मे २०२४ रोजी बंदी उठली तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पुरते हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. शहरातल्या ग्राहकासाठी भाव आवरायचे होते, हे कारण मी नाकारत नाही. पण त्या काळात आखातातला किंवा मलेशियातला खरेदीदार आपल्यासाठी थांबून राहत नाही, तो दुसऱ्या देशाचा कांदा घेतो, आणि पुढल्या वर्षी त्याला परत आणण्यासाठी आपल्या व्यापाऱ्याला भाव पाडावा लागतो. शेतकऱ्याच्या बाजूने बोलायचे असेल, तर आपला रोख रोडटेपपेक्षा या अधिसूचनांवर असायला हवा होता, असे मला वाटते.

मागच्या लेखातला एमईआयएसचा परिच्छेद आज दुरुस्त केला असून, दुरुस्ती आपल्या प्रतिक्रियेमुळे झाल्याची नोंद तिथे केली आहे.