आधार सगळ्यांचं नको, विकणाऱ्याचा परवाना दाखवा

फेसबुकवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला आधार जोडायला लावा म्हणजे अफवा थांबतील, ही मागणी अधूनमधून जोर धरते. माझा तिला ठाम विरोध आहे, आणि त्याचं कारण आपल्या खान्देशातच आहे.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा, आणि डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने मारून टाकलं. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती. तिथे मोबाइल नंबराशिवाय खातं उघडत नाही आणि ओळखपत्राशिवाय सिम मिळत नाही. म्हणजे पुढे ढकलणारे बहुतेक जण नाव-नंबरासह ग्रुपमध्ये बसलेले होते, तरी कुणाचा हात थांबला नाही. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. अफवेचा वेग अशाने कमी होतो.

दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या साइटवर खऱ्या ओळखीची सक्ती केली. २०११ मध्ये तिथे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती सक्ती रद्द केली. माहिती गोळा केली की ती सांभाळावीही लागते.

आणि गिरणेच्या पात्रातून रात्री वाळू उपसणाऱ्या डंपरचा फोटो टाकणाऱ्याचं काय? त्याचं नाव-गाव पोस्टखाली आलं तर पुढचा फोटो कोण टाकेल? वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रावर 'नाव प्रसिद्ध करू नये' असं लिहायची सोय होतीच की! संपादकाला माणूस माहीत, गावाला नाही.

सक्ती हवी ती विकणाऱ्यावर. केळीवरच्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूरोगाचंच बघा. लागण झालेलं झाड बरं करणारं औषधच नाही. रोग पसरवणारा मावा आटोक्यात ठेवायचा, रोगट झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करायचं, बागेत काकडीवर्गीय पिकं, मिरची, टोमॅटो घ्यायचे नाहीत. हातात एवढंच आहे. तरी 'सात दिवसांत व्हायरस गायब' म्हणत बाटल्या विकणारी पेजेस रावेर-यावलच्या शेतकऱ्यांसमोर येतात. कीटकनाशक विकणाऱ्या दुकानदाराला परवाना दर्शनी भागात लावावा लागतो, बिल द्यावं लागतं. मग ऑनलाइन विकणाऱ्याने पोस्टवर परवाना क्रमांक आणि पत्ता का टाकू नये? शेअर बाजाराचे सल्ले देणाऱ्याने सेबीचा नोंदणी क्रमांक, उपचार सांगणाऱ्या डॉक्टरने वैद्यकीय परिषदेचा. क्रमांक असला की तपासता येतो. निळी टिक काय, महिन्याचे पैसे भरूनही मिळते.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. पेजच्या माहितीत जाऊन 'पेज ट्रान्सपरन्सी' उघडा. पेज कधी सुरू झालं, आधीचं नाव काय होतं, चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे तिथे दिसतं. जुनं नाव शायरीचं आणि आज विक्री केळीच्या औषधाची असेल, तर पैसे पाठवू नका. पाठवून बसला असाल तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा, व्यवहार क्रमांक आणि पेजचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. तक्रार जितकी लवकर जाईल, तितकी पैसे काढले जायच्या आत ते गोठवता येण्याची शक्यता जास्त.